पानगळीतील पारध

शिकारीच्या वाङ्मयाचे मूल्य त्यातील धाडसावरून ठरवण्याची वाचकांना सवय आहे. वाघाच्या किंवा रानहत्तीच्या शिकारकथेत शिकाऱ्याचाही जीव पणाला लागलेला असतो, आणि त्या जोखमीच्या आडोशाला नीतीचा प्रश्न सहज झाकला जातो. पक्ष्याच्या शिकारीत असा आडोसा नसतो. उत्तर अमेरिकेतील रानटर्कीच्या पारधीभोवती गेल्या दोन शतकांत जे इंग्रजी लेखन साठले आहे ते या कारणाने अधिक उघडे पडते, आणि म्हणूनच समीक्षकाला अधिक बोलके वाटते.

हा पक्षी भारताला अगदीच अनोळखी नाही. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेला टर्की पाहून जहांगीर बादशहा थक्क झाला. माजावर आलेल्या नराचे डोके व गळा क्षणोक्षणी रंग कसे पालटतात याची त्याने आपल्या आठवणींत बारकाईने नोंद केली, आणि उस्ताद मन्सूराने त्याचे चित्र रेखाटले. तो पक्षी माणसाळलेला होता. त्याच जातीचा रानातला पक्षी मात्र विलक्षण सावध असतो. त्याची दृष्टी तीक्ष्ण असते, आणि त्याला गाठण्याची मुख्य युक्ती एकच आहे: त्याच्या भाषेत त्याला साद घालावयाची. या पारधीचा सारा नैतिक गुंता त्या सादेत आहे.

वसंतात नर गर्जतो आणि मादी त्याच्याकडे जाते, असा निसर्गक्रम आहे. शिकारी मादीचा आवाज काढून हा क्रम उलटा करू पाहतो. नराने आपल्याकडे चालत यावे म्हणून तासन्‌तास झाडाला टेकून बसतो. पानगळीच्या दिवसांत चाल निराळी असते. त्या वेळी माद्या आणि त्या वर्षीची पिल्ले थव्याने हिंडत असतात. शिकारी किंवा त्याचा कुत्रा अचानक थव्यात घुसून त्याची दाही दिशांना पांगापांग करतो. मग रान शांत झाल्यावर शिकारी चुकलेल्या पिल्लाची केविलवाणी शीळ घालतो, अथवा पिल्लांना गोळा करणाऱ्या आईचा आवाज काढतो. जे एकत्र येण्यासाठी धडपडत असतात ते त्या आवाजाकडे धावतात. वसंतात प्रणयाचे सोंग, पानगळीत वात्सल्याचे.

या दोन मोसमांपैकी वाङ्मयाने वसंताला मान दिला. टॉम केली यांचे ‘टेंथ लीजन’ (१९७३) हे या परंपरेतील सर्वांत नावाजलेले पुस्तक. अलाबामाच्या जंगलांत आयुष्य घालवलेल्या या लेखकाने वसंतातील शिकाऱ्यांना सीझरच्या निष्ठावंत पलटणीची उपमा दिली. त्यांचा विनोद कोरडा, निरीक्षण अचूक, आणि पक्ष्याबद्दलचा आदर खरा आहे. परंतु या संप्रदायात कालांतराने एक समजूत रूढ झाली: वसंतातली पारध उमद्या माणसाची आणि पानगळीतली मांसासाठी केलेली. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. चार्ल्स जॉर्डन यांच्या टिपणांवरून एडवर्ड मॅकइल्हेनी यांनी १९१४ साली सिद्ध केलेला रानटर्कीवरील ग्रंथ वाचला, तर पानगळीची व हिवाळ्याची पारध तेव्हा कोणाला हीन वाटत नव्हती हे ध्यानात येते. मग ती हीन केव्हा ठरली?

याचे उत्तर वाङ्मयात सापडत नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे. जंगलतोड आणि बेबंद शिकार यांमुळे १९३०च्या दशकापर्यंत हे पक्षी दोन लाखांच्या आसपास, कदाचित त्याहूनही कमी उरले होते. मॅसॅच्युसेट्समधून तर ते १८५१ सालीच नाहीसे झाले होते. १९३७च्या कायद्याने बंदुका व दारूगोळा यांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. पक्षिपालनगृहात वाढवलेले पक्षी रानात सोडण्याचा प्रयोग फसला, कारण ज्यांना आईने रान शिकवले नव्हते ते तगले नाहीत. १९५०च्या दशकापासून दाणे टाकून, लहान तोफांनी उडवलेल्या जाळ्यात रानपक्षीच धरून ओसाड मुलखात नेऊन सोडण्यात येऊ लागले, आणि तेथे ते रुजले. १९७३ साली संख्या १३ ते १५ लाख होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती ७० लाखांच्या जवळ पोहोचली. पहाटेच्या थंडीत जाळ्याशी दबा धरून बसणाऱ्या आणि फडफडती खोकी मोटारीतून शेकडो मैल नेणाऱ्या माणसांवर कोणी ‘टेंथ लीजन’ लिहिले नाही. खरे वीरकाव्य तेथे होते असे म्हणण्याचा मोह होतो.

या पुनरागमनाच्या काळात शिकार पुन्हा सुरू झाली ती बहुधा वसंतात, आणि नरापुरती. मिसुरीने १९३७ साली बंद केलेली शिकार १९६०च्या वसंतात तीन दिवसांपुरती उघडली. एक नर अनेक माद्यांना पुरतो, तेव्हा काही नर कमी झाल्याने वंशाची फारशी हानी होत नाही. पानगळीत मारलेली मादी म्हणजे मात्र पुढील वर्षीचे एक घरटे, दहाबारा अंडी. नियम असा गणितातून आला. शिकाऱ्यांनी त्याला कुलीनतेचा पोशाख चढवला. केलीनंतरच्या पुष्कळ लेखनातील मुख्य दोष हाच की व्यवहारातील सावधगिरीला ते स्वभावाची उंची समजते.

भारतीय काव्यपरंपरेत वाढलेल्या वाचकाला तर हा क्रम उफराटाच वाटेल. क्रौंचमिथुनातील नर बाणाने पडला आणि त्या शोकातून आदिकाव्याचा श्लोक निघाला. महाभारताच्या आदिपर्वात किंदम ऋषी मृगरूपात रत असता पंडूने त्याला मारले. मृगया हा राजांचा धर्म आहे असा पंडूचा बचाव. त्यावर मरणाऱ्या मृगाचे उत्तर सूक्ष्म आहे. मृग मारल्याचा दोष तो देत नाही; मीलन पुरे होईपर्यंत पंडू थांबला नाही, हा दोष देतो. या न्यायाने वसंतातील नराचा वध अधिक सदोष ठरेल. वंश टिकतो की नाही हे अमेरिकन नियम पाहतो, कोणत्या क्षणी जीव तोडला हे मृगाचे उत्तर पाहते. पैकी एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

ऑल्डो लिओपोल्ड हे स्वतः शिकारी होते, आणि ही अडचण त्यांनी ओळखली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’मध्ये त्यांनी म्हटले आहे की शिकाऱ्याच्या वागण्याला टाळ्या देणारा किंवा धिक्कारणारा प्रेक्षकवर्ग नसतो, त्याला आपल्या सदसद्विवेकाशीच हिशेब द्यावा लागतो. पानगळीच्या पारधीचे समर्थक ही परंपरा जुनी आहे, तिला थव्याच्या जीवनाचे अधिक ज्ञान लागते, असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण ज्ञान अधिक असेल तर फसवणूकही अधिक जाणती होते. १९९५ सालच्या ‘इल्युमिनेशन इन द फ्लॅटवुड्स’मध्ये ज्यो हट्टो यांनी फ्लोरिडात स्वतः उबवलेल्या पिल्लांना आईप्रमाणे वाढवल्याची हकीगत आहे. ती वाचल्यावर चुकलेल्या पिल्लाची शीळ ही केवळ एक युक्ती राहत नाही.

इकडे संख्या पुन्हा उतरली आहे. अलीकडचे अंदाज ६० लाखांच्या आसपासचे आहेत. पिल्ले कमी जगतात याची कारणे अधिवासात, हवामानात, भक्षकांत शोधली जात आहेत. कॅन्ससने २०२३ साली पानगळीचा मोसम स्थगित केला. निर्णय योग्यच, पण गणिताने बंद केलेला मोसम गणित सुधारले की उघडता येतो, आणि आवाजाचा प्रश्न तेव्हाही तसाच उभा असेल.

तो प्रश्न ऑड्यूबनने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’तील पहिले चित्र रानटर्कीच्या नराचे, आणि १८३१ साली निघालेल्या त्याच्या वर्णनग्रंथाचा आरंभही याच पक्ष्याने होतो. त्यात पिल्लू असल्यापासून त्याने पाळलेल्या एका टर्कीची गोष्ट आहे. तो रानात निघून गेला. पुढे एकदा ऑड्यूबनने कुत्रीला एका टर्कीवर सोडले. पक्षी पळाला नाही, कुत्रीही झडप न घालता थबकली आणि मालकाकडे वळून पाहू लागली. दोघांनी एकमेकांना ओळखले होते. या ओळखीला कोणता शब्द वापरावा, असे ऑड्यूबन वाचकाला विचारतो. त्या टर्कीच्या गळ्यात लाल फीत होती. पुढे कोणीतरी रानपक्षी समजून त्याच्यावर गोळी झाडली, आणि फितीवरून ओळख पटल्यावर तो ऑड्यूबनकडे आणून देण्यात आला.