प्रतिलेखनाचे नियमन आणि पीपी२ए : ‘अर्बुदरोधक’ या संज्ञेची चिकित्सा

प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी कायनेज आणि तो काढून टाकणारी फॉस्फेटेज यांच्या समतोलावर पेशीचे नियमन अवलंबून असते. प्रथिनांच्या या उलटसुलट होणाऱ्या फॉस्फरीकरणावरील संशोधनासाठी एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि, कर्करोगाच्या औषधसंशोधनात कायनेजला अग्रस्थान मिळाले. फॉस्फेटेज हे केवळ ‘केलेले पुसून टाकणारे’ विकर ठरले. ही धारणा पीपी२ए या फॉस्फेटेजच्या संदर्भात तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सीडीके९ हे कायनेज आरएनए पॉलिमरेज-२ च्या शेपटीस फॉस्फेट जोडते; त्यामुळे जनुकाच्या आरंभाजवळ थांबलेले पॉलिमरेज पुढे सरकते. इंटिग्रेटर या प्रथिनसंकुलाशी संलग्न झालेले पीपी२ए तेच फॉस्फेट काढून टाकते. या संयुक्त संकुलाची रचना २०२० मध्ये उलगडली. २०२१ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकातील अभ्यासात असे आढळले, की आयएनटीएस६ हा इंटिग्रेटरचा उपघटक नसल्यास कर्कपेशी सीडीके९-रोधक औषधांना दाद देईनाशा होतात. म्हणजे कायनेज रोखणाऱ्या औषधाचे यशही फॉस्फेटेजच्या उपस्थितीवर अवलंबून आहे. ज्याला दुय्यम मानले, तेच येथे निर्णायक ठरते.

पीपी२ए अर्बुदरोधक आहे, याचे पुरावे जुने आहेत. ओकाडाइक आम्ल हे अर्बुदवर्धक रसायन या विकरास निष्प्रभ करते. एसव्ही४० विषाणूचे लघु-टी प्रथिनही तेच करते. गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या काही कर्करोगांत पीपी२एच्या आधार-उपघटकाच्या जनुकात उत्परिवर्तने आढळतात.

मात्र येथेच सावधगिरी हवी. पीपी२ए हे एकच विकर नसून, समान उत्प्रेरक घटकास भिन्न नियामक उपघटक जोडून बनलेले विकरकुल आहे. म्हणूनच एकीकडे त्यास सक्रिय करणारी संयुगे तपासली जात असताना, दुसरीकडे एलबी-१०० या पीपी२ए-रोधकाच्या रुग्णांवरील चाचण्याही झाल्या आहेत. ‘अर्बुदरोधक’ हे सरसकट विशेषण ही विसंगती झाकून टाकते.

सारांश, कोणता उपघटक, कोणत्या जनुकस्थानी आणि कोणत्या पेशीत, हे सांगितल्याविना या संज्ञेस अर्थ उरत नाही. अध्यापनातही ‘कायनेज म्हणजे चालू, फॉस्फेटेज म्हणजे बंद’ हे सोपे समीकरण आता सोडून द्यावयास हवे.