आस्वाद आणि आसक्ती

समीक्षा हा शब्द आपण पुस्तकांपुरता राखून ठेवला आहे. तथापि मराठी समीक्षेची परिभाषा पाहिली, तर तिचे कितीतरी शब्द जिभेवरून आलेले दिसतात : रस, रुची, अभिरुची, गोडी, आस्वाद. कवितेत रस आहे, कथा चवीने वाचली, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु प्रत्यक्ष रस पेल्यात समोर आला की हीच भाषा एकतर मुकी होते, नाहीतर परकी होते. आपल्या बायबलमध्ये ज्याला द्राक्षारस म्हटले आहे आणि आज ज्याला सर्वत्र वाइन म्हणतात, त्याच्या आस्वादाविषयी हे विशेष जाणवते. या विषयावर एका धर्मगुरूने लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. वेदीवर जो पदार्थ आम्ही रोज हाती घेतो, त्याविषयी विचारपूर्वक बोलणे आम्हांस अनुचित वाटत नाही. आणि त्याच कुळातल्या पदार्थांनी ज्या घरांची राखरांगोळी केली, त्या घरांचे उंबरठेही आम्हांला झिजवावे लागतात. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, म्हणूनच हे लिहीत आहोत.

लेखाला निमित्त घडले ते सांगली जिल्ह्यातील एका छोट्या मेळाव्याचे. फेब्रुवारी महिना होता, द्राक्षांची तोडणी सुरू होती. ओळखीच्या एका बागायतदाराच्या आग्रहावरून आम्ही वाइन चाखण्याच्या त्या कार्यक्रमास गेलो. शहरातून आलेले एक तरुण मार्गदर्शक पेला कसा धरावा, रंग कसा पाहावा, पेला फिरवून वास कसा घ्यावा, हे नीट समजावून सांगत होते. त्यानंतर त्यांनी शिराझ जातीच्या लाल वाइनचे वर्णन केले. तीत ब्लॅककरंट आहे, ओक लाकूड आहे, पावसाने भिजलेल्या युरोपीय जंगलातला पालापाचोळा आहे, असे ते म्हणाले. शेजारी बसलेले आमचे वयोवृद्ध बागायतदार आमच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "फादर, हे ब्लॅककरंट म्हंजे काय ओ?" आम्ही ते फळ कधी चाखले नव्हते, तसे सांगितले. त्यांनी पुन्हा एकदा पेला नाकाशी नेला आणि म्हणाले, "मला तर भिजवलेल्या बेदाण्याच्या पाण्यावानी वास येतोय. आन् मागनं जरा मिरी लागतीय." पुढच्या रांगेतले काही जण हसले. बागायतदार संकोचले आणि कार्यक्रम संपेपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

पुढे आम्ही या विषयावर थोडेफार वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की, त्या दिवशीची सर्वांत अचूक समीक्षा तीच होती. शिराझच्या वाइनमध्ये मिरीचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे. हे द्रव्य २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ओळखले आणि तेच काळ्या मिरीतही आहे. म्हणजे मिरी हा त्या जातीचा गुण. बेदाण्याचा वास मात्र दुसरीच गोष्ट सांगतो. द्राक्ष उन्हात फार पिकले, तोडणीस उशीर झाला, की ताज्या फळाचा वास जाऊन सुकलेल्या फळाचा वास वाइनमध्ये उतरतो. जातीचा गुण कोणता आणि उन्हाचा दोष कोणता, हे त्या गृहस्थांनी दोन वाक्यांत सांगितले होते. त्यांचे आयुष्य बेदाण्याच्या शेडमध्ये गेले. डिपिंगच्या द्रावणात बुडवलेले घड जाळीवर सावलीत वाळताना त्यांनी हजारदा हुंगले होते. तासगावच्या सौद्यात मूठभर बेदाणा हातात घेऊन, एखादा दाणा चावून, त्याचा रंग, गर आणि गोडी ठरवली होती. चाखण्याची विद्या त्यांच्यापाशी होतीच. हसले गेले ते केवळ तिचे शब्द मराठी होते म्हणून.

येथे थंड प्रदेशांतील वाइनचा एवढा दबदबा का, हेही समजून घेतले पाहिजे. कारण तो सर्वस्वी खोटा नाही. द्राक्ष पिकताना साखर वाढते आणि आम्लता उतरते. जर्मनीतील मोझेल नदीच्या काठी, पाटीच्या दगडांच्या उभ्या चढणींवर, किंवा फ्रान्समधील शाब्ली आणि शॅम्पेन या प्रदेशांत ही क्रिया सावकाश होते. फळ सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहते, त्याला वास भरण्यास अवधी मिळतो, आणि आम्लता टिकून राहिल्याने वाइन तरतरीत लागते. उष्णतेत द्राक्षातील मॅलिक आम्ल झपाट्याने जळते. गोडी लवकर येते, वासाला मात्र वेळ पुरत नाही. बर्गंडीत तर या निरीक्षणामागे शतकांची साधना आहे. १०९८ साली स्थापन झालेल्या सितो मठाच्या संन्याशांनी बाराव्या शतकापासून वुझो येथे द्राक्षमळा राखला. एकाच डोंगरउतारावरच्या दोन तुकड्यांची चव वेगळी का लागते, याचा बर्गंडीने पिढ्यान्‌पिढ्या धीराने विचार केला. ही अभिजातता आहे आणि तिच्यापुढे नम्र होण्यात कमीपणा नाही.

परंतु नम्रता वेगळी आणि नक्कल वेगळी. सांगली विषुववृत्तापासून सुमारे १७ अंशांवर, तर मोझेल ५० अंशांच्या आसपास. तेथे वेल हिवाळ्यात झोपी जाते. आपल्याकडे ती झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी दोनदा छाटून आपण तिच्याकडून उन्हाळ्याच्या तोंडावर पीक घेतो. कोणी म्हणेल, साताऱ्यात महाबळेश्वर आहे, तेथे थंडी आहे. आहे खरी, समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवरची. पण तेथील धो-धो पावसात आणि धुक्यात द्राक्षवेलीला केवडा आणि भुरी जगू देणार नाहीत. म्हणून तेथे स्ट्रॉबेरी पिकते, आणि द्राक्षे तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या कोरड्या उन्हात. भूमीने आपला निर्णय केव्हाच दिला आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री हीच काय ती आपल्या वाट्याची थंडी. त्या रात्रींचा लाभ घेऊन वेळेवर तोडणी केलेली शेनिन ब्लां वा शिराझ चांगली उतरू शकते; पण ती बर्गंडी नव्हे आणि तिने तसे भासवूही नये.

परकीय नावापुढे जीभ कशी दिपून जाते, याची उदाहरणे बोलकी आहेत. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबले झाकून वाइन चाखल्या, तेव्हा पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला गेला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दो येथील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये निर्गंध लाल रंग मिसळून दिला गेला. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी जे सांगितले तेच नाकाने ऐकले! पुस्तकांच्या परीक्षणात आपण याहून वेगळे काय करतो? मुखपृष्ठावरचे नाव वाचले की अभिप्राय निम्मा तयार असतो.

याउलट स्वप्रदेशाचा अभिमानही समीक्षेला तितकाच घातक. २००१ साली शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क आखले गेले. वाइनची द्राक्षे म्हणजे लहान मण्यांची, जाड सालीची, बियांची. खाण्यासाठी बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. ज्या महाराष्ट्रीय शेतकऱ्यांनी त्या लाटेत अशा जाती लावल्या, त्यांतील अनेकांना २००८-०९ च्या मंदीनंतर भाव कोसळताच बागा उपटाव्या लागल्या. त्यांना गोड बोलणारे पुष्कळ भेटले होते; 'तुमची वाइन अजून कच्ची आहे, ती पिणारा वर्ग अजून लहान आहे' असे सांगणारा प्रामाणिक समीक्षक मात्र भेटला नाही. भौगोलिक मानांकनाची नोंद पाहावी : नाशिकच्या खोऱ्याचे नाव वाइनला मिळाले, सांगलीचे नाव मिळाले ते बेदाण्याला. यात लाज वाटण्याजोगे काय आहे? तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' ही लांब मण्यांची जात निवडून वाढवली, ती याच मातीकडे डोळे उघडे ठेवून पाहिल्यामुळे.

आता अवघड भागाकडे येतो. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य बरेच गाजले. निर्णय पुढे अमलात आला नाही. वाक्य मात्र राहिले. ते खरे नाही. वाइनमध्ये साधारण बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो, आणि मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. आस्वादाची भाषा बोलणाऱ्याने प्रथम हे कबूल केले पाहिजे; अन्यथा त्याची समीक्षा जाहिरात ठरते. पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या पावलांची चाहूल घेत बसलेल्या स्त्रीला ब्लॅककरंट आणि ओक यांचे कौतुक ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग आस्वाद आणि आसक्ती यांत भेद कोठे? आम्हांस तो त्या मेळाव्यातच दिसला. प्रत्येक टेबलावर एक भांडे ठेवलेले होते. व्यवसायाने चाखणारा मनुष्य घोट तोंडात घोळवतो आणि त्या भांड्यात थुंकून टाकतो. कारण त्याला शुद्धीवर राहून पुढच्या पेल्याला न्याय द्यायचा असतो. आस्वादाला लक्ष हवे असते. आसक्तीला तेच लक्ष नको असते; तिला विसरायचे असते. म्हणून आसक्त माणूस चवीविषयी कधी बोलत नाही. आपल्या परंपरेनेही हा भेद जाणला होता. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या ४० व्या अध्यायात संन्याशांसाठी 'हेमिना' हे दिवसाचे एक माप ठरवून दिले, आणि न पिणे अधिक बरे, हेही सुचवले. बेदाण्यापासून केलेली वाइन मिस्सासाठी चालेल का, हा प्रश्न एकदा रोमपुढे गेला होता. रंग आणि चव यांवरून ती खरी वाइन म्हणून ओळखता आली तर चालेल, असे उत्तर आले. हा निर्णय आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. बाटलीवरचे नाव वा प्रदेशाची कीर्ती विचारली गेली नाही. डोळा आणि जीभ यांची साक्ष पुरेशी मानली गेली.

आमच्या वाचकांनी वाइन चाखावी असा या लेखाचा आग्रह नाही. पुष्कळांनी तिच्यापासून दूर राहावे, हेच आम्ही प्रत्यक्ष भेटीत सांगतो. आग्रह एवढाच की, पुस्तक असो, भजन असो वा द्राक्षाचा रस असो, आपल्याला जे लागले ते आपल्या शब्दांत सांगावे. मोठ्या नावाला भिऊन वाढवू नये आणि आपल्या गावच्या मायेने झाकू नये.

त्या बागायतदारांची नंतर भेट झाली तेव्हा मिरीच्या शोधाची हकिकत आम्ही त्यांना सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे फादर, मी बरोबर होतो तर." आम्ही होय म्हटले. पुढच्या रांगेतले ते हसणारे त्या वेळी तेथे हवे होते, असे मात्र आम्हांला राहून राहून वाटले.