रौद्रातून करुणाकडे : ‘डोंबिवली फास्ट’चा विचार

सूडकथेचे आकर्षण मानवी मनाला फार जुने आहे. निद्रिस्त शिबिरात शिरणारा सौप्तिकपर्वातील अश्वत्थामा असो किंवा दुःशासनवधाची प्रतिज्ञा उराशी बाळगून तेरा वर्षे काढणारा भीम असो, आपल्या वाङ्मयाने या भावनेचे अत्युग्र रूप पाहिलेले आहे. तथापि हे सारे असामान्य पुरुष होत. त्यांच्या क्रोधामागे कूळ आहे, शस्त्रविद्या आहे, शरीरसामर्थ्य आहे. आधुनिक सूडकथेने यात मोठा पालट केला. तिने शस्त्र उचलून कारकुनाच्या हाती दिले. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी हात उगारला नसेल अशा माणसाला तिने न्यायाधीश केले आणि दंडधारीही केले. या पालटाने सूडकथेचा रस बदलतो काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ या २००५ सालच्या मराठी चित्रपटाच्या आधारे त्याचा विचार येथे करावयाचा आहे. तो भोपाळात बसून का करावासा वाटला, हे लेखाच्या शेवटी ओघाने येईल.

कामत यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २००७ साली स्वतः कामत यांनीच ‘एवनो ओरुवन’ या नावाने त्याचे तमिळ रूप सिद्ध केले. २०२० च्या ऑगस्टमध्ये हा गुणी दिग्दर्शक अकाली निवर्तला. कथेचा नायक माधव आपटे. डोंबिवलीस राहणारा, मुंबईत बँकेत नोकरी करणारा, नियमाला धरून वागणारा, आणि म्हणूनच घरीदारी गैरसोयीचा ठरलेला मनुष्य. पहाटेचे उठणे, लोकलची गर्दी, कचेरी, परतीची गर्दी आणि झोप, ही दिनचर्या आरंभी झरझर बदलणाऱ्या तुटक दृश्यांतून वारंवार दाखविली आहे. शब्द फार खर्ची न घालता एका संबंध वर्गाचे आयुष्य येथे पुढे उभे राहते. एके दिवशी शीतपेयाच्या बाटलीसाठी दुकानदार छापील किमतीहून दोन रुपये अधिक मागतो आणि इतक्या वर्षांचा बांध फुटतो. त्यापुढील आपटे क्रिकेटची बॅट हाती घेऊन शहरभर अन्यायाचे परिमार्जन करीत हिंडतो. शेवटी लोकलच्या डब्यातच पोलिसांच्या गोळीने त्याचा अंत होतो.

जोएल शूमाकर यांच्या ‘फॉलिंग डाउन’ या १९९३ सालच्या अमेरिकन चित्रपटाशी या कथेचे साम्य उघड आहे, व ते नाकारण्याचे कारण नाही. तेथेही दुकानातील शीतपेयाच्या किमतीवरूनच ठिणगी पडते. पण दोन नायकांत भेद आहे. लॉस एंजेलिसचा तो नायक नोकरी गमावलेला, संसारातून बाहेर पडलेला आहे. जगाने आपल्याला दिलेला शब्द मोडला असे त्याला वाटते. आपट्यांची नोकरी शाबूत आहे, संसार शाबूत आहे. त्यांच्याजवळून हिरावले गेले आहे ते एकच : नियम पाळणारा मनुष्य मूर्ख नसतो, हा विश्वास. असा विश्वास गमावणारा नायक मराठी मध्यमवर्गातून यावा हे स्वाभाविकच होते, कारण सचोटी हे या वर्गाचे जवळजवळ एकमेव स्थावर होय.

आता रसाचा प्रश्न. रौद्राचा स्थायी भाव क्रोध. नाट्यशास्त्रात भरताने हा रस राक्षस, दानव आणि उद्धत मनुष्य यांच्या ठायी सांगितला आहे. आपटे यांपैकी कोणीच नव्हेत. म्हणून त्यांच्या हातातील बॅट पाहताना प्रथम आपणांस विस्मय वाटतो, मग समाधानाची लहर येते, आणि त्यानंतर हळूहळू अस्वस्थता दाटू लागते. ती समाधानाची लहर आम्हांसही आली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ज्या खिडकीपुढे आपण तासन् तास उभे राहिलो, ज्या शिपायाने आपल्याला उद्या येण्यास सांगितले, त्या साऱ्यांचा हिशेब पडद्यावर कोणीतरी चुकता करीत आहे, हे सुख लहान नव्हे. परंतु चित्रपटाचा मोठेपणा असा की तो हे सुख टिकू देत नाही. छापील किमतीचा आग्रह कायद्याला धरून आहे. तो पुरा करण्याचे साधन मात्र कायदा मोडणारे आहे. आपटे जो नियम सांभाळू पाहतात, तोच त्यांच्या प्रत्येक फटक्यासरशी मोडतो.

रौद्रापासून करुण निपजतो, असे भरतच सांगतो. त्याच्या मनात बहुधा रौद्र पुरुषाने मारलेल्यांविषयीचा शोक असावा. ‘डोंबिवली फास्ट’मध्ये मारणारा आणि मरणारा एकच आहे, आणि या चित्रपटाचे मर्म आम्हांस येथे सापडते. क्रोध बाहेरच्या जगावर कोसळतो असे दिसते. वस्तुतः तो आपट्यांच्या स्वतःच्या आयुष्यावर कोसळतो. जग जागच्या जागी राहते. दुसऱ्या दिवशी लोकल वेळापत्रकाप्रमाणे सुटते.

संदीप कुलकर्णी यांनी हे सारे फार संयमाने साकार केले आहे. आदल्याच वर्षी ‘श्वास’मध्ये त्यांनी समजूतदार डॉक्टरची भूमिका केली होती; तो चेहरा ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना येथील आपटे अधिकच बोचतील. सुभाष अनासपुरे या पोलीस अधिकाऱ्याची योजनाही अर्थपूर्ण आहे. आपट्यांच्या मागावर निघालेला हा मनुष्य त्यांना समजूनही घेतो. अलंकारशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर चित्रपटात ठेवलेला तो सहृदय प्रेक्षकच होय. त्याला आपल्याप्रमाणेच कळवळा येतो, आणि आपल्याप्रमाणेच काही थांबविता येत नाही.

दोष नाहीत असे नव्हे. मधल्या भागात समाजातील एकेक अनाचार यादी वाचावी तसा पुढे येतो व नायक त्याचा समाचार घेतो. तेथे कथेचा ओघ प्रसंगमालिकेत अडतो. आपट्यांची पत्नी अलका हिच्या वाट्यास आलेले लेखनही आम्हांस अपुरे वाटते. जगरहाटीशी जुळवून घ्या असे सांगणारी ही स्त्री तडजोडीची प्रतिनिधी म्हणून रंगविली आहे. परंतु नवऱ्याच्या तत्त्वनिष्ठेची किंमत रोजच्या रोज घरात कोण मोजते, हा प्रश्न तिच्या बाजूने विचारला जावयास हवा होता. तो विचारला असता तर करुण अधिक गडद झाला असता.

तुलनेसाठी नीरज पांडे यांचा ‘अ वेन्सडे’ हा २००८ सालचा हिंदी चित्रपट घेऊ. त्याचाही नायक सामान्य माणूस. त्याचे नाव शेवटपर्यंत सांगितले जात नाही. मुंबईच्या लोकलगाड्यांत २००६ साली झालेल्या बॉम्बस्फोटांनी व्यथित होऊन तो शासनाच्या ताब्यातील अतिरेक्यांना युक्तीने संपवितो, आणि निवांतपणे चालू लागतो. नसीरुद्दीन शाह यांचा अभिनय श्रेष्ठ आहे, रचना चिरेबंद आहे. परंतु येथे क्रोधाचे रूपांतर उत्साहात, म्हणजे वीररसात झाले आहे. नायक चुकत नाही, त्याचे काही हरवत नाही, त्याची निवड चुकीची ठरण्याची शक्यताही कथेने शिल्लक ठेवलेली नाही. असा सामान्य माणूस नावापुरताच सामान्य असतो. साधा शर्ट घातलेला तो परशुरामच होय. प्रेक्षक तृप्त होऊन बाहेर पडतो, आणि सूडकथेने तृप्त करावे हीच आम्हांस धोक्याची गोष्ट वाटते.

जर्मन लेखक क्लाइस्ट याने १८१० साली ‘मिखाएल कोलहास’ ही कथा प्रसिद्ध केली. दोन घोड्यांवर झालेल्या अन्यायाची दाद लागेना म्हणून एक सज्जन घोडेव्यापारी गावे जाळीत सुटतो. अखेर न्यायासन त्याचे घोडे त्याला धष्टपुष्ट करून परत देते, आणि त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद करते. त्याचे देणे त्याला मिळाले. त्याच्याकडील येणेही वसूल झाले. दोन घोडे आणि दोन रुपये यांत फारसे अंतर नाही. अशा माणसाला बरोबर म्हणता येत नाही व चूकही म्हणता येत नाही. या दुहेरी जाणिवेत वाचकाला ठेवणे, हीच या कथाप्रकाराची कसोटी होय.

आता भोपाळविषयी. या शहरात राहणाऱ्यास सूडाचा प्रश्न केवळ साहित्यशास्त्रीय राहत नाही. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. १९८९ साली सत्तेचाळीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली. फौजदारी खटल्याचा निकाल २०१० च्या जूनमध्ये, म्हणजे पंचवीस वर्षे उलटल्यावर लागला. कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. कंपनीचा अमेरिकन अध्यक्ष वॉरन अँडरसन येथील न्यायालयापुढे खटल्यास कधीच उभा राहिला नाही; तो २०१४ साली स्वदेशी मरण पावला. वाढीव भरपाईचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मार्चमध्ये फेटाळला. आपट्यांना निदान दुकानदार समोर सापडला होता. येथे बॅट उगारावी तर कोणावर?

आणि याच शहरात दुसरा सामान्य माणूसही दिसला. अब्दुल जब्बार आणि त्यांच्या संघटनेतील वायुपीडित स्त्रिया दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी उद्यानात जमत, आणि हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. अर्ज, मोर्चे, न्यायालयाच्या तारखा, हीच त्यांची आयुधे. २०१९ साली जब्बार वारले. त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्या स्त्रियांना न्याय मिळाला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. म्हणूनच धीर हे सूडाचे सोपे उत्तर आहे असा उपदेशही आम्हांस करवत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की आपट्यांचा क्रोध एकट्याचा होता व तो त्यांच्याबरोबर संपला. उद्यानातील क्रोध अनेकांत वाटला गेला, म्हणून तो इतकी वर्षे टिकला.

आमच्यापैकी बहुतेक जण अध्यापक आहोत. वर्गातील मुले ‘अ वेन्सडे’च्या नायकाविषयी उत्साहाने बोलतात, तेव्हा त्यांना गप्प करू नये, त्यांच्या संतापाला कारण आहे. त्यांना ‘डोंबिवली फास्ट’ दाखवावा, आणि शेवटच्या दृश्यानंतर काही वेळ कोणीच बोलू नये. भरताचे म्हणणे फळ्यावर लिहावयाचे ते त्यानंतर.