स्टोचें उद्यान व तेथील श्वानलेख

काव्य, नाटक, चित्र, शिल्प यांचें परीक्षण करण्याची चाल आपल्याकडे रूढ आहे. उद्यानाचें परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाहीं. बाग म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें येते ती संध्याकाळीं मुलांस न्यावयाची हिरवळ, नाहीं तर परसांतला जाईचा मांडव. परंतु अठराव्या शतकांत इंग्लंडांतील बड्या जमीनदारांनीं आपल्या वाड्यांभोंवतीं जीं विस्तीर्ण उद्यानें रचिलीं, त्यांतलीं कांहीं केवळ शोभेचीं नव्हतीं. पाहुण्यांनीं तीं पुस्तकाप्रमाणें वाचावीं अशी रचणारांची अपेक्षा होती. बकिंगहॅमशायरमधील स्टो येथील उद्यान हें त्या जातींतलें सर्वांत बोलकें. त्याचें परीक्षण येथें करावयाचें आहे, आणि तेंही एका स्नेह्याच्या स्पॅनियल कुत्र्याच्या संगतींत. कारण हल्लीं तेथें येणारांपैकीं पुष्कळजण कुत्रा साखळीला लावून निवांत फेरफटका करावयासच येतात. टीकाकारास असा सोबती मिळाला तर त्यानें तो नाकारूं नये. ग्रंथपरीक्षणाच्या कामीं इतका निःस्पृह सहकारी आम्हांस क्वचितच लाभला आहे.

उद्यानाचा मुख्य कर्ता लॉर्ड कॉबम (१६७५–१७४९) हा मार्लबरोच्या लढायांत नांव मिळविलेला सेनानी. १७३३ सालीं मुख्य मंत्री वॉल्पोल याच्या अबकारी कराच्या योजनेस त्यानें विरोध केला व त्यापायीं आपल्या पलटणीचें आधिपत्य गमावलें. पार्लमेंटांत बोलून जें साधलें नाहीं, तें मग त्यानें बागेंत दगडांकडून बोलविलें. घराण्याचें आडनांवच टेंपल, म्हणजे देऊळ; ब्रीदवाक्यही देवळांच्या आवडीचें; तेव्हां बागेंत देवळांची दाटी व्हावी यांत नवल नाहीं. ब्रिजमन, केंट, गिब्ज यांसारखे कलावंत येथें खपले. पाहुण्यांच्या सोयीसाठीं १७१७ सालींच येथें एक उतारशाळा बांधली होती, आणि १७४४ सालीं बकिंगहॅमच्या सीली नामक गृहस्थानें या बागेची मार्गदर्शिका छापून विकावयास काढिली. बाग समजण्यास पुस्तक लागावें, हें तिच्या वाङ्मयीन गुणाचें गमक, कीं उणिवेचें? आमच्या मतें दोहोंचेंही.

स्टोची सारी रचना डोळ्यांसाठीं आहे. अमुक वळणावर उभें राहिलें कीं तमुक देऊळ झाडांच्या चौकटींत नेमकें बसतें. दहा पावलें पुढें गेलें कीं तें लपतें आणि दुसरें डोकावूं लागतें. कुत्र्यास याचें कांहीं सोयरसुतक नाहीं. तो नाकानें चालतो. जेथें थांबावें अशी केंटची इच्छा, तेथून तो आपणांस ओढून नेतो. आणि जेथें पाहण्याजोगें कांहीं नाहीं अशी सर्वांची समजूत, तेथें खिळून राहतो. स्टोमधला सर्वांत सरस लेख आमच्या दृष्टीस पडला तो अशाच ओढाताणींत.

बागेच्या ज्या भागास ‘एलिझियन फील्ड्स’, म्हणजे ग्रीकांचा स्वर्ग, असें नांव आहे, तेथें एका अरुंद प्रवाहाच्या दोन कांठांवर समोरासमोर दोन वास्तु आहेत. एका बाजूस प्राचीन सद्‌गुणांचें वर्तुळाकार देऊळ. आंत होमर, सॉक्रेटीस, लायकर्गस व एपॅमिनॉन्डस यांच्या मूर्तींची योजना. याच्याजवळच अर्वाचीन सद्‌गुणांचें देऊळ मुद्दाम पडक्या स्थितींत बांधून त्यांत एक बिनडोक्याचा पुतळा ठेविला होता. तो वॉल्पोलचा, असें लोक समजत. विनोद जरा ढोबळच. पलीकडच्या कांठीं थोर ब्रिटिशांचें स्मारक आहे: अर्धवर्तुळाकार भिंतींतल्या कोनाड्यांत सोळा अर्धपुतळे. शेक्सपिअर, मिल्टन, न्यूटन, लॉक, राणी एलिझाबेथ, ड्रेक अशी ही मालिका असून प्रत्येकाच्या वांट्यास एक स्तुतिलेख आला आहे. त्यांपैकीं कवि पोप व सर जॉन बर्नार्ड हे तर स्मारक उभें राहिलें तेव्हां हयात होते, आणि दोघांचाही कल कॉबमच्या पक्षाकडे होता.

आतां भिंतीच्या पाठीमागें यावें. तेथें आणखी एक लेख कोरला आहे, तो सिन्योर फिदो नांवाच्या एका इटालियन गृहस्थाच्या स्मरणार्थ. हा कुलीन गृहस्थ इंग्लंडांत आला तो आपल्या देशबांधवांप्रमाणें आम्हांस चावावयास नव्हे, तर प्रामाणिकपणें पोट भरावयास. कीर्तीच्या मागें तो लागला नाहीं, तरी ती त्यास मिळाली. थोरांच्या सहवासांत राहूनही त्यानें त्यांचे दुर्गुण उचलले नाहींत. तो प्रेमळ पति व बहुप्रसव पिता होता. असा गौरव वाढत वाढत जातो, आणि अखेरीस वाचकास बजावण्यांत येतें कीं, या दगडावर खुशामतीचा दोष येऊं शकत नाहीं, कारण हा मनुष्य नसून ग्रेहाउंड कुत्रा होता.

हें शेवटचें वाक्य वाचतांच पुढच्या बाजूचे सोळाही स्तुतिलेख डळमळूं लागतात. कुत्र्याची स्तुति तेवढी निर्दोष, तर मग माणसांची ती काय? कॉबमनें शस्त्र उगारलें तें दरबारी लोकांवर; पण भिंत एकच असल्यामुळें तें त्याच्या स्वतःच्या दैवतांसही लागतें, आणि तें त्यास कळत नसावें असें आम्हांस वाटत नाहीं. त्याचा मित्र पोप यास ही थट्टा अपरिचित नव्हती. आपल्या कुत्रीचें एक पिल्लूं युवराज फ्रेडरिक यास भेट देतांना त्यानें त्याच्या पट्ट्यावर दोन ओळी कोरविल्या होत्या, त्या वाचणाऱ्यालाच ‘आपण कोणाचे पाळीव?’ असें विचारतात. महाप्रस्थानांत धर्मराजाबरोबर चालणारा कुत्रा शेवटीं साक्षात् धर्म ठरतो. कॉबमच्या स्वर्गांत कुत्रा शेवटीं कुत्राच ठरतो, आणि तोच त्याचा मान.

याच स्वर्गाच्या कडेला, झाडींत जवळजवळ झांकलेलें, गांवचें प्रार्थनामंदिर उभें आहे. गांव मात्र नाहीं. स्टो नांवाचें खेडें येथें होतें. उद्यान वाढत गेलें तसें तें नाहींसें झालें, आणि देवळाभोंवतीं दाट झाडी राखल्यामुळें तेंही दृश्याआड गेलें. तेथून थोडक्या अंतरावर गिब्जनें बांधलेलें गॉथिक मंदिर आहे, तें पूर्वजांच्या स्वातंत्र्यास अर्पण केलेलें! कोणी म्हणतील, कलाकृतीचें मोल ठरवितांना धन्याच्या कृत्यांचा हिशेब कशास? चित्रकाराचें कर्ज आपण चित्रांत मोजीत नाहीं, हें खरें. पण येथें गोष्ट वेगळी आहे. गांवाचा अभाव हा या रचनेचाच एक घटक आहे. घरें, परसें, उकिरडे असते तर हा देखावा झालाच नसता. बागेच्या सीमेवरील ‘हा-हा’ नांवाची खंदकांत बुडविलेली भिंतही याच स्वभावाची. वाड्यांतून पाहतां हिरवळ थेट कुरणाला भिडलेली दिसते, गुरें हातभर अंतरावर चरतात, आणि त्यांस अडविणारी भिंत दिसत नाहीं. आमच्या सोबत्याचे पुढचे पाय मात्र तिच्या कडेवर अचानक थबकले. स्वातंत्र्याचें स्तोत्र गाणाऱ्या या बागेनें ज्यांस हलविलें, त्यांच्यासाठीं एकही दगड कोरला नाहीं. हा स्टोचा मोठा दोष होय, आणि त्याच्या सौंदर्यापुढें दिपलेल्या प्रशंसकांनीं तो फार सौम्यपणें सांगितला आहे.

सौंदर्य नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. पुढें ‘केपेबिलिटी’ या टोपणनांवानें गाजलेला लॅन्सेलॉट ब्राउन १७४१ पासून दहा वर्षें येथें मुख्य माळी होता. त्या काळांत घडविलेल्या ग्रीक खोऱ्यासाठीं हजारो घनयार्ड माती ढकलगाड्यांनीं हलविण्यांत आली. आणि इतके श्रम होऊनही तें खोरें जणूं सृष्टीनेंच घातलें आहे असें वाटतें. तेथें लेख वाचावयाचे नाहींत. गवताचा उतार आणि दोहों बाजूंस झाडांची हलती कड. स्टोमध्यें आम्हांस सर्वांत आवडला तो हा भाग. १८४८ सालीं कॉबमचा वारस दिवाळखोर होऊन वाड्यांतील संपत्तीचा लिलाव चाळीस दिवस चालला. पुढें पुतळेही देशोधडीस लागले. १९२३ सालीं वाड्यांत शाळा निघाली. १९८९ पासून उद्यान नॅशनल ट्रस्टकडे आहे, व गेलेल्या पुतळ्यांच्या जागीं प्रतिकृति बसविण्याचें काम त्या संस्थेनें हातीं घेतलें. वाचकांपैकीं कोणास तिकडे जाण्याचा योग आला, तर मार्गदर्शिका कांहीं वेळ खिशांत ठेवावी, आणि सोळा थोरांसमोर उभें राहण्यापूर्वीं भिंतीला वळसा घालून मागें जावें. बरोबर कुत्रा असल्यास साखळी थोडी सैल सोडावी.