परत न आलेल्याची कहाणी

शेजारच्या काकूंनी परवा आमच्या मुलुंडच्या घरी बसून 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा जुना बोलपट पाहिला. हाताने फराळाच्या पुड्या बांधणे चालूच होते. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त सहा वर्षे टोकियोत आहे, आणि फराळ तिकडेच जायचा होता. बोलपट संपला तेव्हा डोळे पुसत त्या म्हणाल्या, "काही म्हणा मास्तर, शेवटी सून घरी आली हे बरं झालं."

या एका वाक्यात मला चित्रपटाचे यश दिसले आणि त्याचे उणेही.

व्ही. शांताराम यांनी १९४६ साली राजकमल कलामंदिरातर्फे हा चित्रपट काढला. दिग्दर्शन त्यांचे आणि नायकही तेच. चिनी पत्नीच्या भूमिकेत जयश्री आणि संगीत वसंत देसाई यांचे. कथेला आधार ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ च्या इंग्रजी पुस्तकाचा. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ असा, की 'आणि एक जण परत आला नाही'. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

चरित्र थोडक्यात असे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. वडील वारल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली. तरी ते परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, १९४१ साली बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी परिचारिकांना शिकविणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले. मुलाचे नाव ठेवले यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला.

आता चित्रपटाचा शेवट पाहा. मरणोन्मुख नायक पत्नीला आपल्या घरचे वर्णन ऐकवितो, आणि त्या शब्दांच्या सोबतीने ती मुलाला घेऊन सासरी येते. प्रसंग विलक्षण हृद्य आहे. शांतारामांची चित्रदृष्टी येथे पणाला लागली आहे आणि भल्याभल्यांचा कंठ दाटतो. पण प्रत्यक्षात चिंगलानबाई चीनमध्येच राहिल्या. पुढे त्या भारतात येऊन गेल्या, पतीच्या आप्तांना भेटल्या, परंतु पाहुण्या म्हणून. २०१२ साली निवर्तल्या त्याही चीनमध्येच. पुस्तक म्हणते 'परत आला नाही', आणि पडदा मात्र त्याला पत्नीच्या पावलांनी परत आणतो.

कलाकृतीने चरित्राची नक्कल करावी, असा माझा आग्रह नाही. पडद्यावरची चिनी माणसे हिंदी बोलतात, तीही सोय मला मान्य आहे. आक्षेप वेगळा आहे. परदेशी वस्ती करणे म्हणजे काय, हा या कथेचा गाभा होता. परक्या भाषेत रुग्णाची वेदना समजून घेणे, तिकडच्या अन्नाला आणि थंडीला सरावणे, तिकडच्या माणसांना आपली म्हणणे, यांतच खरे नाट्य होते. तिकडे घर मांडणाऱ्या माणसाचे खरे घर इकडेच, असे एकदा ठरविले की या साऱ्या कष्टांचे मोल उणावते. पारतंत्र्याच्या शेवटच्या वर्षात प्रेक्षकाला मातृभूमीची ओढ दाखविणे स्वाभाविक होते. पण त्या ओढीपायी कोटणिसांची निवड झाकली गेली. त्यांनी सोलापूर सोडले नव्हते, त्याच्या जोडीला आणखी एक गाव आपले केले होते. हे दुसरे गाव आपल्याला पाहवत नाही.

हे मी काकूंना सांगितले नाही. आईपुढे समीक्षा चालत नाही. इतक्यात मुलाचाच फोन आला. तो आगगाडीत होता. "आई, घरी पोचलो की बोलतो," एवढेच म्हणून त्याने फोन ठेवला. काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग चकल्यांचा डबा पुन्हा उघडून त्यांनी आणखी चार चकल्या घातल्या. "त्याच्या शेजाऱ्यांनाही देईल," त्या म्हणाल्या.