भुतांच्या रात्रीतली माणसे

३१ ऑक्टोबरचा 'हॅलोवीन' आपल्याला ठाऊक झाला तो अमेरिकी चित्रपटांतून. कोरलेला भोपळा, आत दिवा आणि मुखवटे घातलेली मुले एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. या सणाचे जुने रूप पाहायचे तर स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याची 'हॅलोवीन' ही दीर्घ कविता वाचावी. १७८५ मध्ये लिहिलेली ही कविता १७८६ साली किल्मार्नक येथे छापलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात आली.

१ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळचे नाव हॅलोवीन. आयर्लंडमध्ये हिवाळ्याच्या आरंभीचा 'साउइन' हा जुना सणही याच सुमारास येई. परंतु तो मुळात मृतांचा सण होता, हे मत पुढे जेम्स फ्रेझर यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे रूढ झाले. रोनाल्ड हटन यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात त्यामागचा पुरावा किती तोकडा आहे हे दाखवून दिले.

बर्न्सची साक्ष म्हणूनच मोलाची ठरते. त्याच्या कवितेत भोपळा नाही, मुखवटे नाहीत, पितर नाहीत. आहे ती शेतकऱ्यांच्या तरुण पोरांना लागलेली लग्नाची चिंता. डोळे मिटून केल नावाच्या भाजीचे रोप उपटायचे. ते सरळ की वाकडे, त्यावरून जोडीदाराचा बांधा ताडायचा, मुळाशी माती चिकटून आली तर हुंडा मिळणार! दोन कवची फळे शेजारी शेजारी विस्तवात ठेवायची; शांतपणे जळली तर संसार सुखाचा, एक उडून बाजूला गेले तर ताटातूट.

भीतीही आहे, पण तिची गंमत पाहा. रात्री बी पेरायला गेलेल्या जेमीला जे भूत भेटते ते डुक्कर निघते. कोठारात गेलेली मेग भिंतीवर चढणाऱ्या उंदराला घाबरून पळते. ओढ्यात बाही भिजवणाऱ्या लीझीसमोर हंबरले ते सैतान की कालवड, हे मात्र कवी मोघमच ठेवतो. अंधश्रद्धेची टिंगल न करता तो माणसांबरोबर हसतो.

दोष नाही असे नाही. अठ्ठावीस कडव्यांत इतके विधी कोंबले आहेत की मधला भाग यादीसारखा वाटतो. पात्रे येतात नि ओळख होण्याआधीच जातात. शेवटी मात्र म्हातारा जॉनकाका येतो. १७१५ पासून लग्नाची आस धरून बसलेल्या या माणसाच्या हाती तिन्ही वेळा रिकामेच भांडे लागते आणि तो रागाने भांडी चुलीत फेकतो. सारे हसतात, वाचकाचे हसू मात्र अर्ध्यावर थांबते. एका कडव्यात संपलेले हे दुःख कवितेतील सर्वांत खरे आहे.

आपल्यासारख्या दुभाषिक मुलखातील वाचकाने आणखी एक गोष्ट पाहावी. कविता गावच्या स्कॉट्स बोलीत आहे; प्रस्तावना व तळटीपा मात्र बर्न्सने शिष्ट इंग्रजीत लिहिल्या. टीपांत तो परक्यासारखा या चालीरीती समजावून सांगतो, कवितेत तो त्या शेकोटीपाशीच बसलेला असतो. टीपांमुळे अभ्यासकांना माहिती मिळाली, पण जॉनकाकाचा संताप आणि मेगची धांदल जिवंत राहिली ती बोलीत. घरची भाषा केवळ समजावून सांगण्यापुरती उरू द्यायची की तिच्यात हसायचे, भ्यायचे आणि लिहायचेही, हा प्रश्न आपल्या घरांतही आहे. बर्न्सने त्याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे.