सणाच्या गोष्टीचे बीज

दिवाळी अंकांच्या संपादकांची पत्रे श्रावणाच्या सुमारास येऊ लागतात. अमुक तारखेपर्यंत ताजी कथा हवी, असे त्यांत लिहिलेले असते. आणि लेखणीवरच पोट असलेला लेखक कपाळाला हात लावून बसतो. नवे कथाबीज आणायचे कोठून? मग तो वर्तमानपत्रे चाळतो, इतरांच्या कथा वाचतो, आणि शेवटी गेल्याच वर्षीच्या सासूसुनांना नवी लुगडी नेसवून पुढे उभ्या करतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला हे वार्षिक पर्व लाभले. पर्वाबरोबर ही ओढाताणही आलीच.

ह्यावर आपल्याकडे एक उत्तर नेहमी दिले जाते. मागणीवरून लिहिलेली कथा कसदार होणेच शक्य नाही, कारण प्रतिभेला तारीख नसते! हे मत ऐकायला गोड आहे, परंतु कथेचा इतिहास त्याला साक्ष देत नाही. उदाहरण फार थोर लेखकाचे आहे.

अंतोन चेकोव्ह १८८० पासून रशियातील विनोदी साप्ताहिकांत लिहू लागला, तेव्हा तो वैद्यकाचा विद्यार्थी होता. वडिलांचे दिवाळे निघालेले. ओळीगणिक मिळणाऱ्या पैशावर घर चालायचे. तेथील पत्रांनाही नाताळ आला की सणाची गोष्ट लागे. तिचा साचा ठरून गेलेला होता : कडाक्याची थंडी, एखादे अनाथ लेकरू आणि शेवटी लेकराच्या पदरात सुख टाकणारा एखादा चमत्कार. १८८६ च्या नाताळात पीटर्सबर्गच्या एका दैनिकाला चेकोव्हने जी गोष्ट दिली, ती 'वान्का'.

वान्का नऊ वर्षांचा आहे. मॉस्कोत एका चांभाराकडे काम शिकायला ठेवलेला. धनी-धनीण प्रार्थनेला गेलेली पाहून तो चुरगळलेल्या कागदावर गावी आजोबांना पत्र लिहितो : इथे मार बसतो, पोटभर मिळत नाही, मला घेऊन जा. लिहिता लिहिता त्याला आजोबांबरोबर रानात नाताळचे झाड तोडायला गेल्याची आठवण येते. पत्र पुरे होते. पाकिटावर तो आजोबांचे नाव घालतो, पण गावाचे नाव घालत नाही. पत्र पेटीत पडते आणि पोर मोठ्या आशेने झोपी जाते.

आता पाहा, साचा कोठे मोडला आहे? थंडी आहे, अनाथ लेकरू आहे, सणाची रात्र आहे. वाचकही चमत्काराची वाट पाहतो आहे. लेखकाने चमत्काराच्या जागी एक अर्धवट पत्ता ठेवला, एवढेच. पण तेवढ्याने साऱ्या कथेचा अर्थ पालटतो. पोराला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असते, आणि त्याचा आनंदच आपल्याला सहन होत नाही.

हे बीज त्याला कोठे मिळाले? तागानरोग गावी वडिलांचे किराणा दुकान होते. लहानपणी चेकोव्ह स्वतः त्या दुकानात बसे. तेथे राबणारी नोकर पोरे त्याने जवळून पाहिली होती. म्हणजे कथेचे द्रव्य त्याच्यापाशी कित्येक वर्षे पडून होते. नाताळच्या मागणीने ते वर आणले. तारीख प्रतिभेच्या आड आली नाही; उलट उपयोगीच पडली.

ह्यावरून भराभर लिहावे असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. त्याच १८८६ साली वृद्ध लेखक ग्रिगोरोविच ह्यांनी चेकोव्हला पत्र लिहून, घाईचे लेखन सोडून आपल्या गुणांची बूज राख, असे विनविले होते. ते पत्र त्याच्या मनाला फार लागले. साप्ताहिकांसाठी त्याने लिहिलेले पुष्कळसे आज केवळ अभ्यासकच वाचतात. मागणी तीच आणि लेखकही तोच असताना एक गोष्ट टिकते आणि दहा विरतात. फरक पडतो तो, लेखकाने साच्यात स्वतःच्या ओळखीचे काही घातले की साचाच साच्यात ओतला, ह्याने.

आपल्याकडेही हेच दिसते. १९४९ साली व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसे' आली. माणदेश काही तेव्हा नव्याने सापडलेला मुलूख नव्हता, आणि खेड्यावर मराठीत पूर्वी कोणी लिहिले नव्हते असेही नाही. परंतु शहरी वाचकाला खेडे दाखवण्याची जी गोडगुलाबी रीत होती ती सोडून त्यांनी आपल्या ओळखीची माणसे आहेत तशी उभी केली. १९६३ साली बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' ह्या संग्रहाने तर मराठी कथेने ज्या वस्त्यांकडे पाठ फिरवली होती तेथेच तिला नेले. ही माणसे आपल्याच राज्यात, आपल्याच शहरांत राहत होती. विषय संपले नव्हते. आपली नजरच ठरलेल्या घरांपुरती उरली होती.

म्हणून नव्या बीजाच्या शोधात निघालेल्या लेखकाला एवढेच सुचवावेसे वाटते : साच्याला भिऊ नका, पण त्यात काय वगळले गेले आहे ते पाहा. फराळाच्या ताटाची गोष्ट लिहायची तर रात्रभर चकल्या पाडून देणाऱ्या बाईच्या घरी दिवाळी कधी सुरू होते, हे विचारा. आणि वाचकांनीही अंक चाळताना 'शेवट गोड आहे ना?' एवढेच विचारू नये. शेवट गोड नसलेल्या 'वान्का'वर लोकांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ प्रेम केले आहे, आणि ती सणाचीच गोष्ट आहे.